थर ओळखा, मग कमांड द्या

सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनची डिस्क भरते. डेटाबेस अडतो, लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ पुन्हा पुन्हा उमटू लागते आणि सर्व्हर सांभाळणारा घाईघाईने टर्मिनल उघडतो. 40 जीबीची डिस्क 80 जीबी करण्याची कमांड तो देतो. कमांड कुरकुर न करता चालते, आकार बदलल्याचा निरोपही देते. मग मशीनच्या आत शिरून ‘डीएफ -एच’ करून पाहावे, तर तिथे जुनेच 40 जीबी!

यात बिघाड कुठेच झालेला नाही. डिस्क खरोखरच 80 जीबीची झालेली असते. पण त्या डिस्कवर पार्टिशन आहे, पार्टिशनवर बहुधा एलव्हीएमचा थर आहे आणि सगळ्यात आत फाइल सिस्टीम. डिस्क वाढल्याची खबर या आतल्या थरांपर्यंत आपोआप पोचत नाही. प्रत्येकाला वेगळी कमांड द्यावी लागते. कमांड तोंडपाठ असणारेही इथे चुकतात, कारण आपण दिलेली कमांड नेमकी कोणत्या थरावर चालली हे त्यांनी पाहिलेले नसते.

एका यंत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येकात स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/370 ही प्रणाली 1972 मध्ये जाहीर केली होती. नेहमीच्या सर्व्हरमध्ये असतात त्या प्रोसेसरमध्ये यासाठीची खास सोय इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये आणली. फेब्रुवारी 2007 मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल 2.6.20 मध्ये केव्हीएम दाखल झाले आणि असा प्रोसेसर असलेला कोणताही लिनक्स सर्व्हर व्हर्च्युअल मशीनचा यजमान, म्हणजे होस्ट, होऊ शकला. आज या जोडणीत केव्हीएम प्रोसेसर वाटून देते, क्यूएमू डिस्क-नेटवर्कसारखी उपकरणे उभी करते, लिबव्हर्ट या सगळ्याचा हिशेब ठेवते आणि लिबव्हर्टशी बोलण्यासाठी ‘व्हर्श’ ही कमांड असते.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन छोट्या अक्षरांत टंकायच्या. उदाहरणासाठी ‘लेखा’ नावाची एक मशीन घेऊ: हिशेबाचे सॉफ्टवेअर चालवणारी, ‘व्हीडीए’ नावाची 40 जीबीची एकच डिस्क असलेली.

आधी पाहणी

‘व्हर्श लिस्ट’ फक्त चालू मशीन दाखवते. बंद असलेल्याही पाहायच्या तर ‘व्हर्श लिस्ट --ऑल’. एवढे करूनही यादी रिकामी आली तर मशीन उडाल्या असे समजून घाबरू नये. लिबव्हर्टच्या दोन वेगळ्या जोडण्या असतात: एक ‘सिस्टीम’, दुसरी प्रत्येक वापरकर्त्याची खाजगी ‘सेशन’. साध्या वापरकर्त्याने व्हर्श चालवले की ते अनेकदा सेशनला जाऊन जुळते आणि तिथे काहीच नसते. ‘सुडो’ लावून पुन्हा पाहिले की सगळी यादी समोर येते.

त्यानंतर ‘व्हर्श डॉमइन्फो लेखा’ने प्रोसेसर आणि मेमरी किती दिली आहे ते कळते. ‘व्हर्श डॉमबीएलकेलिस्ट लेखा’ कोणत्या डिस्कमागे होस्टवरची कोणती फाइल आहे ते सांगते. ‘व्हर्श डॉमबीएलकेइन्फो लेखा व्हीडीए’ मात्र तीन आकडे देते आणि ते नीट वाचायला हवेत. ‘कपॅसिटी’ म्हणजे मशीनला दाखवलेला आकार. ‘अलोकेशन’ आणि ‘फिजिकल’ हे होस्टवर ती फाइल प्रत्यक्षात किती पसरली आहे त्याचे आकडे. क्यूकाउ-2 प्रकारच्या डिस्कमध्ये कपॅसिटी 40 जीबी आणि अलोकेशन 11 जीबी असे सहज दिसू शकते. ही फाइल लिहिले जाईल तसतशी वाढते.

मशीनच्या आत ‘एलएसबीएलके’ चालवले की डिस्क, पार्टिशन आणि एलव्हीएम यांची उतरंड झाडासारखी दिसते. होस्टवर लिबगेस्टएफएसची साधने बसवलेली असतील तर ‘व्हर्ट-डीएफ’ बाहेरूनच प्रत्येक मशीनच्या फाइल सिस्टीम किती भरल्या आहेत ते दाखवते. एखाद्या मशीनचा पासवर्ड हाताशी नसेल तेव्हा हे फार उपयोगी पडते.

नोंद एक, वहिवाट दुसरी

सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि प्रत्यक्ष वहिवाटीत दुसरे, असे शेतजमिनीत होते तसे प्रत्येक मशीनचेही दोन हिशेब असतात. एक या क्षणी चालू असलेल्या मशीनचा, दुसरा लिबव्हर्टने एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवलेला. व्हर्शच्या अनेक कमांडला म्हणून दोन पर्याय आहेत. ‘--लाइव्ह’ने चालू मशीन बदलते, ‘--कॉन्फिग’ने नोंद बदलते. दोन्ही बदलायचे तर दोन्ही लिहावे लागतात.

हे विसरले तर काय होते? चालू मशीनला ‘व्हर्श अटॅच-डिस्क’ने दुसरी डिस्क जोडली, तिच्यावर फाइल सिस्टीम बनवली, डेटा हलवला; सारे सुरळीत चालले. महिन्याभराने देखभालीसाठी मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, तर डिस्क गायब. कमांडमध्ये ‘--पर्सिस्टंट’ नव्हते, त्यामुळे नोंदीत ती डिस्क कधी चढलीच नव्हती. डेटा होस्टवरच्या फाइलीत सुखरूप असतो, पण ‘एफएसटॅब’मध्ये त्या डिस्कची ओळ लिहिलेली असेल तर मशीन बूट होतानाच अडून बसू शकते. अशा जादा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घालावा आणि ‘व्हीडीबी’ या नावाऐवजी ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा यूयूआयडी लिहावा. लिबव्हर्टमध्ये दिलेले ‘व्हीडीबी’ हे नाव मशीनच्या आतही तेच राहील याची हमी नसते.

‘अटॅच-डिस्क’मध्ये आणखी एक खाच आहे. डिस्क क्यूकाउ-2 प्रकारची असेल तर ‘--सबड्रायव्हर क्यूकाउ2’ असे स्पष्ट सांगावे लागते. सुरक्षेच्या कारणास्तव लिबव्हर्ट फाइलीचा प्रकार स्वतःहून ओळखायला जात नाही. न सांगितल्यास ती ‘रॉ’ धरते. मग नवी 50 जीबीची डिस्क आतून अवघी काहीशे केबीची दिसते आणि माणूस दुपारभर चुकीच्या जागी दोष शोधत बसतो.

मेमरीच्या बाबतीत एककाकडे लक्ष हवे. ‘व्हर्श सेटमेम लेखा 4096 --लाइव्ह’ असे लिहिणाऱ्याच्या मनात 4096 एमबी असतात. व्हर्श मात्र एकक न दिल्यास आकडा केबीमध्ये धरते, म्हणजे मशीनकडे उरावी फक्त 4 एमबी मेमरी, असा तो हुकूम ठरतो. चालू मशीन गुदमरून कोलमडायला तेवढे पुरेसे आहे. आकड्यामागे नेहमी एकक लावावे: ‘4जी’. ‘ब्लॉकरिसाइज’लाही हीच सवय लावावी.

प्रोसेसर वाढवताना ‘व्हर्श सेटव्हीसीपीयूज लेखा 4 --लाइव्ह --कॉन्फिग’ चालते, पण नोंदवलेल्या कमाल मर्यादेच्या आतच. ती मर्यादा वाढवायची तर ‘--मॅक्झिमम --कॉन्फिग’ वापरावे लागते आणि हा बदल मशीन पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावरच अंमलात येतो. आतून ‘रीबूट’ केले तर होस्टवरची क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते आणि नवी नोंद वाचलीच जात नाही. ‘रीबूट केले तरी बदल दिसत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

नोंद हाताने बदलायची असेल तर ‘व्हर्श एडिट लेखा’ वापरावे. ‘/इटीसी/लिबव्हर्ट/क्यूएमू’मधली फाइल थेट एडिटरने उघडू नये, लिबव्हर्टला त्या बदलाचा पत्ता लागत नाही आणि पुढच्या वेळी ते तुमचे बदल पुसूनही टाकते.

बंद करणे आणि काढून टाकणे

‘व्हर्श शटडाउन’ मशीनला बंद होण्याची विनंती करते आणि लगेच परत येते. आतली ऑपरेटिंग सिस्टीम त्या विनंतीकडे दुर्लक्ष करू शकते, म्हणून ‘डॉमस्टेट’ने मशीन खरोखर बंद झाली का ते पाहावे. ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ म्हणजे वीज तोडणे. त्याने मशीन पुसली जात नाही, डिस्कही जात नाही. लिहिण्याच्या मध्यावर असलेला डेटा मात्र जाऊ शकतो. नोंद पुसणारी कमांड ‘व्हर्श अनडिफाइन’ ही आहे. तिच्यासोबत ‘--रिमूव्ह-ऑल-स्टोरेज’ दिले तर डिस्कच्या फाइलीही जातात, आणि त्याआधी व्हर्श ‘खात्री आहे ना?’ असे विचारत नाही.

चालू मशीनवर अनडिफाइन केले तर ती तशीच चालू राहते, फक्त तिची नोंद उरत नाही. पुढे कधीतरी ती बंद पडली की यादीतूनही नाहीशी होते. म्हणून अनडिफाइन करण्याआधी ‘व्हर्श डम्पएक्सएमएल लेखा --इनॅक्टिव्ह’चा निकाल एका फाइलीत साठवावा. ती फाइल ‘व्हर्श डिफाइन’ला दिली की मशीन नोंदीत परत येते.

वाढवताना बाहेरून आत

आता मूळ प्रश्न: 40 चे 80 जीबी. पण कमांड देण्याआधी आत जाऊन ‘व्हीजीएस’ चालवून पाहावे. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम वापरताना सगळी जागा रूटला देत नाही. 20 ते 200 जीबीपर्यंत जागा असेल तर तो तिच्यातली निम्मीच रूटला देतो, बाकीची व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी ठेवतो. म्हणजे डिस्क वाढवायला निघालेल्या माणसाच्या हाताशी कित्येकदा अर्धी डिस्क आधीच रिकामी पडलेली असते. तसे असेल तर पुढची बरीच खटपट वाचते. थेट ‘एलव्हीएक्स्टेंड’वर जाता येते.

मोकळी जागा खरोखरच नसेल तर क्रम असा.

पहिली पायरी होस्टवर. बॅकअप ताजा आहे याची खात्री करावी आणि डिस्कच्या फाइली जिथे असतात त्या ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस’मध्ये किती जागा शिल्लक आहे ते पाहावे. मशीन चालू असेल तर ‘व्हर्श ब्लॉकरिसाइज लेखा व्हीडीए 80जी’, बंद असेल तर ‘क्यूएमू-आयएमजी रिसाइज’. चालू मशीनच्या डिस्कवर क्यूएमू-आयएमजीने काही बदलण्याचा प्रयत्न करू नये. एकाच फाइलीवर दोघांनी लिहिले की ती खराब होते. क्यूएमू 2.10 पासून अशा फाइलीला कुलूप लागते आणि कमांड नकार देते. नुसती माहिती वाचायची असेल तर ‘क्यूएमू-आयएमजी इन्फो -यू’ चालते; यातला ‘यू’ मात्र मोठ्या अक्षरात टंकायचा.

दुसरी पायरी मशीनच्या आत. ‘एलएसबीएलके’मध्ये व्हीडीए 80 जीबी दिसते, तिच्यावरचे पार्टिशन अजून 40 चेच. ‘ग्रोपार्ट /डेव्ह/व्हीडीए 3’ ही कमांड तिसरे पार्टिशन मागच्या मोकळ्या जागेत पसरवते. डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये एक स्पेस असते. ती राहून गेली की कमांड अडते. ही कमांड डेबियन-उबुंटूत ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ आणि रेड हॅट घराण्यात ‘क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्ट’ या पॅकेजमधून येते.

तिसरी पायरी एलव्हीएमची. ‘पीव्हीरिसाइज /डेव्ह/व्हीडीए3’ने एलव्हीएमला नवी जागा कळते. मग ‘एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +100%फ्री’ आणि पुढे लॉजिकल व्हॉल्यूमचे नाव. यातला ‘-आर’ महत्त्वाचा: त्यामुळे आतली फाइल सिस्टीमही त्याच दमात वाढते.

एलव्हीएम नसेल तर फाइल सिस्टीम वेगळी वाढवावी. इएक्सटी4 साठी ‘रिसाइज2एफएस’ असते आणि तिला डिव्हाइसचे नाव द्यायचे. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ असते; तिला माउंट केलेली जागा द्यायची, उदाहरणार्थ ‘/’. दोन्ही कामे मशीन चालू असताना होतात. शेवटी ‘डीएफ -एच’. आता 80 च्या जवळचा आकडा दिसायला हवा.

वाट अडवणारे शेजारी

ग्रोपार्टला पार्टिशनच्या लगेच मागे मोकळी जागा लागते. डेबियनची साधी मांडणी पाहा: व्हीडीए1 वर रूट, नंतर व्हीडीए2 हे एक्स्टेंडेड पार्टिशन आणि त्यात व्हीडीए5 वर स्वॅप. डिस्क वाढवली की मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे येते आणि रूट तिच्यापर्यंत पोचू शकत नाही. अशा वेळी ‘स्वॅपऑफ’ करून स्वॅपचे आणि त्याभोवतीचे एक्स्टेंडेड अशी दोन्ही पार्टिशन काढावीत, रूट वाढवावे आणि स्वॅप एका फाइलीवर न्यावा. एफएसटॅबमधली जुनी स्वॅपची ओळही बदलावी. विंडोज मशीनमध्ये हाच अडथळा सी ड्राइव्हच्या मागे बसलेल्या रिकव्हरी पार्टिशनचा असतो आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’चे बटण त्यामुळेच फिके दिसते.

जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मधोमध राहते आणि ‘पार्टेड’ तिच्याबद्दल तक्रार करते; तिथे ‘फिक्स’ निवडावे. जुन्या एमबीआर पद्धतीत 512 बाइटच्या सेक्टरला 2 टीबीची मर्यादा आहे. त्यापुढे डिस्क कितीही वाढवली तरी पार्टिशन पुढे सरकत नाही.

नवी मशीन उभारतानाच थोडा विचार केला तर हे सगळे टळते. रूट पार्टिशन सर्वांत शेवटी ठेवावे आणि डेटासाठी वेगळी डिस्क द्यावी. अशा डेटाच्या डिस्कवर पार्टिशन न पाडता थेट एलव्हीएम किंवा फाइल सिस्टीम घातली तर वाढवण्याच्या वेळी एक थर कमी होतो.

कमी करताना आतून बाहेर

डिस्क लहान करताना क्रम बरोबर उलटा: आधी फाइल सिस्टीम, मग लॉजिकल व्हॉल्यूम, मग पार्टिशन, शेवटी डिस्क. बाहेरून सुरुवात केली तर फाइल सिस्टीमचे शेपूट कापले जाते. इएक्सटी4 फक्त अनमाउंट करूनच लहान होते. एक्सएफएस लहान होण्याची आशा धरू नये. क्यूएमू-आयएमजीसुद्धा ‘--श्रिंक’ असे स्पष्ट लिहिल्याशिवाय डिस्क लहान करत नाही, यावरून धोका ओळखावा. सुरक्षित मार्ग म्हणजे हवी तेवढी नवी डिस्क जोडणे, डेटा तिच्यावर नेणे आणि सारे ठीक चालल्याची खात्री झाल्यावर जुनी काढणे.

कागदावरची जागा

क्यूकाउ-2 फाइली हळूहळू फुगत असल्यामुळे 200 जीबीच्या होस्टवर 100 जीबीच्या तीन मशीन सहज बसतात. सुरुवातीला तिन्ही मिळून 40 जीबीही घेत नाहीत. मग एके दिवशी होस्टची डिस्क भरते आणि लिहिणाऱ्या मशीन जागच्या जागी थांबतात. त्यांच्यात शिरता येत नाही, पण यादीत त्या ‘पॉज्ड’ दिसतात. ‘व्हर्श डॉमस्टेट लेखा --रीझन’ विचारले तर उत्तर येते, ‘आय/ओ एरर’. अशा वेळी डिस्ट्रॉय करायची घाई नको. होस्टवर जागा मोकळी करून ‘व्हर्श रिझ्यूम लेखा’ दिले की मशीन थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते.

मशीनच्या आत फाइली पुसल्या म्हणून होस्टवरची फाइल लहान होत नाही. डिस्कच्या एक्सएमएलमध्ये ‘डिस्कार्ड’ला ‘अनमॅप’ हे मूल्य असेल आणि आत ‘एफएसट्रिम’ चालवले तर ती जागा होस्टला परत मिळते.

स्नॅपशॉटचा भरवसाही बेतानेच धरावा. बाह्य स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल गोठते आणि नवे लिखाण दुसऱ्या फाइलीत जाते. दोन्ही मिळून एक डिस्क होते. ‘जुनी फाइल कशाला हवी’ म्हणून ती पुसली तर सगळेच जाते. काम झाल्यावर ‘व्हर्श ब्लॉककमिट लेखा व्हीडीए --अॅक्टिव्ह --पिव्हट’ने नवे लिखाण मूळ फाइलीत मिसळून घ्यावे. स्नॅपशॉट त्याच होस्टवर राहतो, त्यामुळे होस्टची डिस्क गेली तर त्याचा काही उपयोग नाही. बॅकअप दुसऱ्या यंत्रावरच हवा. चालू मशीनचा स्नॅपशॉट घेताना आत ‘क्यूएमू-गेस्ट-एजंट’ बसवून ‘--क्वायेस’ वापरावे. त्यामुळे फाइल सिस्टीम क्षणभर थांबते आणि स्नॅपशॉट अर्ध्या लिखाणावर पकडला जात नाही.

ज्यांच्या हाती असा सर्व्हर आहे त्यांनी 10 जीबीची एक चाचणी मशीन उभी करावी. ती मुद्दाम भरावी, 20 जीबी करावी, तिला दुसरी डिस्क जोडून मशीन बंद-चालू करून पाहावी आणि शेवटी अनडिफाइन करून साठवलेल्या एक्सएमएलवरून परत आणावी. अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते झाल्यावर त्याच बैठकीत सर्व खऱ्या मशीनची एक्सएमएल फाइल काढून ती बॅकअपसोबत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.